घरातली यंत्रं : दुपारच्या डुलकीनंतर लॅपटॉप कण्हतो तेव्हा

सांगलीच्या एका वाचक भगिनीचं पत्र समोर आहे. चांगलं चार पानी पत्र आहे, सगळं छापायला जागा नाही, पण मतलब असा. या ताई घरी बसून तीन दुकानांचे हिशेब लिहितात. ११ तारखेला एक आणि २० तारखेला दुसरं अशी जीएसटीची विवरणपत्रं भरून देतात. लॅपटॉप पाच वर्षांचा. सकाळी मुलांचे डबे झाले की साडेनऊला कामाला बसतात, तेव्हा यंत्र झकास चालतं. बाराला झाकण मिटून स्वयंपाकघरात जातात. पोळ्या, जेवणं, मागचं आवरणं, सासूबाईंचं औषध. अडीचला झाकण उघडलं की तेच यंत्र तापातून उठल्यासारखं कण्हत चालतं. अक्षर दाबलं की ते पडद्यावर उमटेपर्यंत वाट बघायची. सकाळी मिनिटात चढणारी नोंद दुपारी पाच मिनिटं घेते. गेल्या महिन्यात त्यापायी २० तारीख हुकली, लेट फी लागली आणि दुकानदारानं ती ताईंच्या पैशांतून कापून घेतली.

दुरुस्तीच्या दुकानात नेलं तर तिथला मुलगा म्हणाला, "मॅडम, बोर्ड गेलाय. १८ हजार होतील. त्यापेक्षा नवाच घ्या." घरी आल्यावर यजमान म्हणाले, "सोड ना ते काम, कशाला डोक्याला ताप?" आणि ताईंनी पत्राच्या शेवटी लिहिलंय, "नवा घेऊ की काम सोडू, तेवढं कळवा."

ताई, दोन्ही नको. निदान हा अंक वाचून होईपर्यंत तरी नको.

उत्तर तुमच्याच पत्रात आहे. बोर्ड गेलेलं यंत्र रोज सकाळी साडेनऊला झकास चालत नाही. बारापर्यंत धावणारं आणि झोपून उठल्यावर रांगणारं यंत्र बहुधा मोडलेलं नसतं. त्याला कुणीतरी "हळू चाल" म्हणून सांगितलेलं असतं आणि तो निरोप परत घ्यायला सगळे विसरलेले असतात. निरोप कुणी दिला, एवढंच आपल्याला शोधायचंय. हे मी ऐकीव सांगत नाही. गेल्या वर्षी मी स्वतः दोन महिने या दुखण्यात घालवले आहेत. ती फजिती पुढे सांगते.

आधी थोडं आतलं. लॅपटॉपचं डोकं म्हणजे प्रोसेसर. तो सदासर्वकाळ एकाच वेगानं चालत नाही. आपण भाजीला फोडणी देताना गॅस मोठा ठेवतो आणि मग झाकण ठेवून बारीक करतो, तसंच त्याचं. काम आलं की वेग वाढवायचा, काम नसलं की उतरवायचा. हा वेग गिगाहर्ट्झमध्ये मोजतात. घरच्या साधारण लॅपटॉपचा मूळ वेग दीड-दोन ते अडीच-तीन गिगाहर्ट्झपर्यंत कुठेतरी असतो, जोर लावला तर थोडा वेळ चारच्याही वर जातो, आणि रिकामा बसला की अर्ध्या-पाऊण गिगाहर्ट्झवर येतो. इंटेल कंपनीनं लॅपटॉपच्या प्रोसेसरला ही युक्ती २००० साली दिली आणि त्याच सुमारास एएमडीनंही. तेव्हापासून ती सगळीकडे आहे.

हा खटाटोप कशासाठी, तर बॅटरी आणि उष्णता यांच्यासाठी. वेग निम्मा केला की वीज निम्मी लागते, एवढ्यावरच भागत नाही. वेग कमी असला की व्होल्टेजही कमी ठेवता येतं, आणि व्होल्टेजचा परिणाम वर्गाच्या पटीत होतो. म्हणून थोडा वेग उतरवला तरी विजेची बचत घसघशीत होते आणि मांडीही भाजत नाही.

आता झोप. झाकण मिटलं की पडदा, प्रोसेसर वगैरे बंद होतात आणि फक्त स्मरणशक्तीच्या भागाला थोडीशी वीज मिळत राहते, म्हणून तर उघडल्यावर सगळं होतं तिथंच सापडतं. पण उठताना यंत्राला संसार नव्यानं मांडावा लागतो. बोर्डावर एक छोटी चिप असते. चार्जर, बॅटरी, पंखा यांच्यावर देखरेख ठेवणं हे तिचं काम. ती पुन्हा चौकशी करते : चार्जर लावलाय का, किती वॅटचा, बॅटरी किती आहे, आत किती गरम आहे. त्यावरून वेगाची मर्यादा ठरते आणि मग ती विंडोजला कळते. तीन-चार जणांच्या या निरोपानिरोपीत एखादं उत्तर आलं नाही किंवा चुकीचं आलं, तर यंत्र सावधपणानं सगळ्यात खालचा वेग धरतं आणि तिथंच बसून राहतं. गॅस बारीक करायला सांगून सासूबाई देवळात गेल्या आणि सूनबाईंनी त्या परत येईपर्यंत भात तसाच शिजत ठेवला, तसला प्रकार!

तर पहिलं काम म्हणजे आकडा बघणं. दुकानातल्या मुलानं आकडा बघितला नाही, हे मला पत्रावरूनच कळलं. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात परफॉर्मन्स आणि त्याखाली सीपीयू निवडा. आलेखाखाली ठळक अक्षरात स्पीड दिसतो आणि बाजूला बारीक अक्षरात बेस स्पीड. बेस स्पीड म्हणजे मूळ वेग. तो बदलत नाही. आपल्याला बघायचाय तो ठळक आकडा.

इथे एक चूक सगळ्याच जणी करतात, म्हणून आधीच सांगते. यंत्र रिकामं असताना आकडा खाली असला तर घाबरायचं नाही, ते त्याचं शहाणपण आहे. त्याला काम द्या आणि मग बघा. दोन-तीन व्हिडिओ एकदम लावा, मोठी फाइल उघडा. आकडा वर उसळी घेतो की नाही, ते महत्त्वाचं. काम देऊनही आकडा ०.४ किंवा ०.७८ अशा जागी खिळून बसला असेल तर निदान झालंच म्हणून समजा. शेजारी टक्केवारी असते, तिच्यावर मात्र जाऊ नका. वेग अडकलेला असताना ती कधी शंभर दाखवते, तर कधी तिशी-पस्तिशीलाच थांबते, आणि "फक्त तीस टक्केच काम चाललंय की," असं म्हणून आपण फसतो.

आता कागद-पेन्सिल घ्या आणि चार वेळा आकडा लिहा, दर वेळी यंत्राला काम देऊनच. एकदा सकाळी, चार्जर लावलेला असताना. मग झाकण मिटून दहा मिनिटांनी उघडल्यावर, चार्जर तसाच ठेवून. मग चार्जर काढून एक-दोन मिनिटांनी. आणि शेवटी चार्जर काढलेला असतानाच झाकण मिटून पुन्हा उघडल्यावर. ही शेवटची पायरी गाळू नका, कारण काही यंत्रांना चार्जर काढला तरी जुना निरोप पाठ असतो, पुन्हा एकदा झोपून उठल्याशिवाय ती सुटत नाहीत.

बॅटरीवर वेग ठीक आणि चार्जर लावून उठवलं की पडतो, असं दिसलं तर यंत्राला सोडा आणि चार्जरला धरा. माझी फजिती नेमकी हीच. माझा मूळ चार्जर बिघडला तेव्हा मी बाजारातून सहाशे रुपयांचा, "अगदी तसाच आहे ताई" म्हणून दिलेला चार्जर आणला. दिवा लागत होता, यंत्र चालत होतं, मी खूश. पुढचे दोन महिने हे सदर लिहिताना दर दुपारी यंत्र रडायचं आणि मी विंडोजला शिव्या द्यायची. शेवटी भाची सुट्टीला आली. तिनं काही न उघडता आधी चार्जरची पिन बघितली आणि म्हणाली, "मावशी, हा तुझ्या लॅपटॉपशी बोलतच नाहीये."

भाचीचं खरं होतं. बऱ्याच लॅपटॉपच्या चार्जरच्या गोल तोंडात मधोमध एक सुईसारखी बारीक पिन असते. ती निरोपाची वाट. तिच्यातून चार्जर सांगतो की मी ६५ वॅटचा आहे किंवा ९० वॅटचा. ही पिन वाकली, आतली बारीक तार तुटली किंवा स्वस्तातल्या चार्जरमध्ये ती सोयच नसली, तर वीज येत राहते पण ओळख पटत नाही. मग यंत्र विचार करतं की हा पाहुणा किती ओझं उचलेल कोण जाणे, आपण बेतानं घेतलेलं बरं. वेग तळाला जातो आणि पुष्कळदा बॅटरी चार्ज होणंही थांबतं. यंत्र सुरू होताना चार्जर ओळखता आला नाही अशी इंग्रजी ओळही क्षणभर येते. आपण चहाचं आधण बघत असतो, कुठलं तरी बटण दाबून पुढे जातो!

नव्या सी-टाइप तोंडाच्या लॅपटॉपचंही वेगळं नाही. मोबाइलचा चार्जर बसतो म्हणून लावायचा आणि ६५ वॅट मागणाऱ्या यंत्राला २० वॅटवर जगवायचं, हे बरोबर नाही. चार्जरच्या पाठीवरचा वॅटचा आकडा लॅपटॉपबरोबर आलेल्या मूळ चार्जरइतका किंवा त्याहून जास्त हवा. जास्त चालतो, कमी चालत नाही. आणि ही तार मुळात तुटते कशानं? वापरून झाल्यावर चार्जरभोवती करकचून गुंडाळल्यानं, नेमकी मानेपाशी. लोकरीच्या लडीसारखी सैल ठेवा.

चारही आकडे बघून चार्जर निर्दोष ठरला, तर देखरेख करणारी चिप अडकली असण्याची शक्यता असते. तिला जागं करायचा उपाय सोपा आणि फुकट आहे. काम सेव्ह करा, यंत्र बंद करा, चार्जर काढा, जुन्या पद्धतीची सुटी होणारी बॅटरी असेल तर तीही काढा, आणि सुरू करायचं बटण तीस सेकंद दाबून धरा. उरलीसुरली वीज निघून जाते आणि चिप कोऱ्या पाटीनं सुरू होते. हसू नका, मोठमोठ्या कंपन्यांची माणसंही फोनवर हेच सांगतात.

"पण मी तर रोज रात्री बंद करते," असं पुष्कळ जणी म्हणतील. इथे एक गंमत आहे. २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाची सोय आहे. ती चालू असली की शट डाउन म्हटल्यावर यंत्र पुरतं बंद होत नाही, आतला मुख्य भाग आठवणीत जपून ठेवतं आणि दुसऱ्या दिवशी तोच उघडतं. कालचा घोळ आजही तसाच. रीस्टार्ट म्हटलं तर मात्र सगळं नव्यानं सुरू होतं. म्हणजे उलटंच झालं की नाही! तेव्हा तपासणी करताना शट डाउन नको, रीस्टार्टच करा. आणि रीस्टार्टनं दर वेळी बरं वाटत असेल तर कंट्रोल पॅनेलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये, पॉवरची बटणं काय करतात ते ठरवायच्या पानावर जाऊन फास्ट स्टार्टअपपुढची खूण काढून टाका. यंत्र सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, तेवढ्यात देवाला दिवा होईल.

त्याच पॉवर ऑप्शन्सच्या प्रगत पानावर मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट म्हणून एक ओळ काही यंत्रांत दिसते. तिथे चार्जर आणि बॅटरी दोन्हींसाठी १०० असायला हवं. घरातल्या कुणा हुशार मुलानं उन्हाळ्यात यंत्र तापतं म्हणून तिथे ५० करून ठेवलेलं मी पाहिलंय. नंतर मुलगा पुण्याला गेला, पन्नास तसंच राहिलं. विंडोजमधलं पॉवर मोडही एकदा बघा, बचतीवर तर नाही ना.

उष्णता हे दुसरं मोठं कारण. हल्लीचे काही लॅपटॉप झाकण मिटल्यावर पुरते झोपत नाहीत, मोबाइलसारखे अर्धवट जागे राहून निरोप बघत असतात. असं यंत्र पिशवीत कोंबलं किंवा दुलईवर ठेवलं की आतल्या आत तापतं, आणि आपण उघडतो तेव्हा ते आधीच घामाघूम असतं. मग वेग उतरवणं हे त्याचं बरोबरच आहे. पाच वर्षांत पंख्यात किती धूळ साठते, ते आपल्या स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टवरून ओळखा. दुकानात साफ करून घ्या. आणि हो, लॅपटॉपचं पोट फुगलेलं दिसलं, टेबलावर डुगडुगत असलं, तर मात्र पुढची कुठलीही तपासणी नको. बॅटरी फुगली आहे. चार्जर काढा, यंत्र बंद करा आणि थेट दुरुस्तीला न्या.

काही वाचक भगिनींच्या घरी जुन्या लॅपटॉपवर लिनक्स आलं असेल. विंडोज १० ला कंपनीचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा पुष्कळ घरच्या भाचे-पुतण्यांनी हा उद्योग केला. त्या पोरांसाठी चार ओळी. लिनक्समध्ये वेग ठरवणाऱ्याला गव्हर्नर म्हणतात. झोपताना पहिला कोअर सोडून बाकीचे कोअर बंद केले जातात आणि उठताना एकेक करून परत आणले जातात. तेव्हा उठल्यावर फक्त पहिल्याचा नाही, प्रत्येक कोअरचा गव्हर्नर आणि कमाल वेग बघ, बाबा. जुन्या आवृत्त्यांत परत आलेले कोअर तू केलेली मांडणी विसरलेले सापडतात. इंटेलच्या नव्या प्रोसेसरवर पॉवरसेव्ह असं नाव दिसलं तरी दचकू नकोस, तिथे तो गरजेप्रमाणे वेग वाढवतो. जुन्या पद्धतीत मात्र पॉवरसेव्ह म्हणजे कायमचा तळ. कमाल मर्यादाच खाली आलेली दिसली तर ती बायोसनं घातलेली आहे, म्हणजे पुन्हा चार्जरकडे आणि बॅटरीकडे बघायचं. उठल्यावर मांडणी आपोआप नीट करणारी छोटी स्क्रिप्ट तुला लिहिता येईल, पण कारण न शोधता लिहू नकोस.

आणि त्याच पोरांना आणखी एक. प्रोसेसरला "गरम झालं, हळू हो" म्हणून बाहेरून सांगणारा एक संकेत असतो, त्याला बीडी प्रोचॉट म्हणतात. ओळख न पटलेला चार्जर बहुधा याच वाटेनं वेग पाडतो. तो संकेत बंद करणारे प्रोग्रॅम फुकट मिळतात, आणि ते टाकले की यंत्र एकदम पळायला लागतं, त्यामुळे हे पुण्यकर्म करायची हौस फार. मी म्हणेन, नको. प्रोसेसर स्वतःला सांभाळतो, त्याची स्वतःची व्यवस्था आत असते. पण शेजारच्या ज्या भागानं हाक मारली असेल त्याचं काय? कमी ताकदीच्या चार्जरवर पूर्ण ओझं टाकलं तर चार्जर तापणार. घरात लहान मुलं असतात, बाई.

एवढं करूनही आकडा हलला नाही तर कंपनीच्या अधिकृत जागेवरून बायोसची नवी आवृत्ती घालून बघता येते. झोपेतून उठण्याचे बरेच दोष त्यात दुरुस्त केलेले असतात. पण हे काम चार्जर लावून, बॅटरी भरलेली असताना, कुणीतरी जाणता जवळ असतानाच करा. मध्येच वीज गेली तर खरोखरच बोर्डाची पाळी येईल.

दुकानात जायची वेळ आलीच तर आकड्यांचा कागद बरोबर न्या. "स्लो झालाय" एवढंच सांगितलं की समोरचा आपल्याला पाहिजे ते समजतो. त्याऐवजी म्हणा, "सकाळी २.९ असतो, झोपून उठला की ०.७८. दुसरा मूळ चार्जर लावून माझ्यासमोर झोपवून उठवून दाखवा." बोर्ड बदलायचाच झाला तर जुना बोर्ड परत मागा. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आपण पितळी डबा कल्हईला देतानाही खूण करून देतोच.

सांगलीच्या ताईंना ही चार आकड्यांची तपासणी मी आधीच फोनवर सांगितली होती. परवा त्यांचा फोन आला. सकाळी २.९. उठल्यावर ०.७८. चार्जर काढला तरी ०.७८. बॅटरीवर झोपवून उठवला तेव्हा २.८! चार्जरची मधली पिन वाकलेली निघाली. मूळ कंपनीचा चार्जर दोन हजारांच्या वर गेला, तो त्यांनी स्वतःच्या कमाईतून घेतला आणि या महिन्याचं विवरणपत्र १८ तारखेलाच भरून टाकलं. संध्याकाळी चारच्या सुमाराला आकडा अजूनही कधी कधी दीडवर येतो म्हणतात. ताई, ती पंख्यातली धूळ. एवढी दिवाळीच्या आत काढून घ्या.

पुढच्या आठवड्यात : इन्व्हर्टरच्या बॅटरीत कुठलं पाणी घालावं आणि कधी.